आण्णांच्या नावाचं परमिट

२०२४ साली गटारी ४ ऑगस्टला, रविवारी आली. सोमवारपासून श्रावण. कोल्हापुरात लोक श्रावण जेवढ्या निष्ठेनं पाळतात, तेवढ्याच निष्ठेनं आदली रात्रही पाळतात. पंचगंगेच्या पुराची धास्ती नुकतीच कमी झाली होती, बाहेर पाऊस होता, किचनमधून पांढऱ्या रश्श्याच्या वाट्या सुटत होत्या आणि मी गल्ल्यावर बसले होते. पावणेदहाच्या सुमारास तिघं आत आले. त्यांनी टेबल मागितलं नाही. एकानं ओळखपत्र दाखवलं आणि म्हणाला, "राज्य उत्पादन शुल्क. मॅडम, परमिट बुक बघू."

मी आमच्या मामांकडं बघितलं. मामा म्हणजे आमचे मॅनेजर, माझ्या जन्माआधीपासून आण्णांबरोबर असलेले. मामांनी छताकडं बघितलं.

शाहूपुरीत, स्टेशन रोडच्या मागच्या बाजूला आमचं हॉटेल आहे. वर लॉज, खाली जेवण आणि परमिट रूम. परवाना एफएल-३, म्हणजे जागेवर बसून विदेशी मद्य पिण्याचा. तो आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या नावावर होता. लोकसभेच्या मतमोजणीनंतरच्या आठवड्यात आण्णा गेले. भाऊ पुण्यात नोकरीला. त्यानं फोनवर सरळ सांगितलं, "ताई, मला ते दारूचं लफडं नको." मी तेव्हा इचलकरंजीत एका सूतगिरणीत हिशेब बघत होते. आकड्यांची सवय होती, दारूची नव्हती. आईनं मला परत बोलावलं.

परवाना म्हणजे काही सातबारा नव्हे, की माणूस गेला आणि वारसाची नोंद होऊन तो आपोआप पुढं चालू लागला. तो माणसाला दिलेला असतो. मृत्यू दाखला, वारसांची संमतिपत्रं, प्रतिज्ञापत्रं, पोलिसांचा चारित्र्य दाखला, कर थकलेला नसल्याचे कागद असं सगळं जोडून जुलैत अर्ज केला. निर्णय होईपर्यंत धंदा चालू ठेवायची तात्पुरती परवानगी मिळाली. मला वाटलं, अवघड काम संपलं.

आता परमिट बुकाबद्दल. आपल्याकडच्या कायद्याचं नावच दारूबंदी अधिनियम, १९४९. महाराष्ट्रात दारू मुळात बंद आहे, आणि ज्याच्याकडं परवाना आहे त्याला तेवढी सूट, अशी त्याची बांधणी आहे. विकणाऱ्याला परवाना लागतो तसा पिणाऱ्यालाही लागतो. त्या कागदावर लिहिलेलं असतं की हे मद्य आरोग्य राखण्यासाठी आहे. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोठ्यानं हसले होते. आयुष्यभराचा परवाना १,००० रुपये, वर्षाचा १०० रुपये. ज्याच्याकडं यातलं काहीच नाही त्याला बारवाल्यानं एक दिवसाचं परमिट फाडून द्यायचं: विदेशीला ५ रुपये, देशीला २. त्यावर नाव, वय, पत्ता, सही.

हे कुठल्या बारमध्ये गिऱ्हाइकाला विचारून भरतात, ते मला सांगा. आमच्याकडं रात्री साडेअकरानंतर, शटर अर्धं ओढल्यावर मामा चहा घेऊन बसायचे आणि एका दमात पन्नास-साठ परमिटं लिहायचे. नावं सुचतील ती. गल्लीतले, पाहुण्यातले, तालमीतले. सह्याही तेच करायचे, कधी डाव्या हातानं.

साहेबांनी बुक उलटसुलट चाळलं आणि एका स्थळप्रतीवर बोट ठेवलं. "हे कोण?"

मी वाचलं. आण्णांचं पूर्ण नाव. वय ६८. पत्ता आमच्या घराचा. तारीख आदल्या आठवड्यातली.

"वडील," मी म्हणाले.

"इथं आहेत का आत्ता?"

"नाहीत. त्यांच्या नावचा परवाना माझ्या नावावर करायचा अर्ज तुमच्याच ऑफिसात आहे."

साहेब काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं. आण्णांनी आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता. मामा नंतर रडकुंडीला येऊन म्हणाले, "हाताला सवय हाय गं त्या नावाची. रोज बिलबुकावर, चलनावर त्येच लिवत आलोय."

परमिटावरच भागलं असतं तर ठीक होतं. कोपऱ्यातल्या टेबलावर इंजिनिअरिंगची पाच पोरं होती. साहेबांनी आधार कार्डं मागितली. एक २२ वर्षांचा, दोघं २० चे, एक १९ चा. पुढ्यात बिअर. बिअर आणि वाइनला आपल्याकडं वय २१ लागतं, व्हिस्की-रमसारख्या कडक मालाला २५. हे मला माहीत होतं का? होतं. दारावर पाटीही होती. पण गर्दीत पोरांच्या दाढ्या बघून वेटरनं ऑर्डर घेतली आणि मीही दाढ्याच बघितल्या.

पाचवा पोरगा १७ वर्षांचा निघाला. त्याच्यापुढं थम्सअप होतं. साहेबांनी तो ग्लास उचलून वास घेतला. तेवढे दोन-तीन सेकंद मी आजही विसरलेले नाही. आत नुसतं थम्सअपच होतं. "हा आत बसलाच कसा?" एवढं विचारून त्यांनी त्याला बाहेर पाठवलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, पुण्याचं प्रकरण वाचलं ना?"

वाचलं होतं. मे महिन्यात कल्याणीनगरात अल्पवयीन मुलाच्या गाडीनं दोन जीव गेले, आणि त्याला दारू वाढणाऱ्या ठिकाणच्या मालक-मॅनेजरांनाही पोलिसांनी उचललं. अठरा वर्षांखालच्या मुलाला दारू दिली तर बाल न्याय कायद्याचं कलम ७७ लागतं: सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. तिथं परवान्याचं काय होईल हा प्रश्नच दुय्यम होतो. आमची गोष्ट त्या ग्लासातल्या काळ्या पाण्यावर अडली म्हणून मी हे घरात बसून लिहिते आहे.

मग नोकरनामे. परमिट रूममध्ये दारू हाताळणाऱ्या प्रत्येक नोकराच्या नावाचा नोकरनामा काढावा लागतो. तो खात्याकडून घ्यायचा, वर फोटो, मालकाची सही. आमच्याकडं चार होते. सीमाभागातला एक नवा पोरगा पंधरा दिवसांपूर्वी आला होता, त्याचा काढायचा राहिला होता. नेमकी त्यानंच पोरांना बिअर वाढली होती.

स्टॉक मोजायला तास गेला. खोली लहान, वर गिऱ्हाइकं ताटकळलेली, आणि साहेबांबरोबरचा खात्याचा जवान एकेक बाटली उचलून मोठ्यानं ब्रँड आणि बॅच नंबर वाचतोय. माल आला की त्याच्याबरोबर टीपी, म्हणजे वाहतूक पास येतो. तो आवक रजिस्टरात चढवायचा. रोजची विक्री ब्रँडप्रमाणं, साइजप्रमाणं उतरवायची. त्या आडव्या-उभ्या घरांच्या लांबलचक तक्त्याला धंद्यात 'चटई' म्हणतात. हा शब्द मला फार आवडतो. रोज रात्री ती अंथरायची आणि सगळा दिवस तिच्यावर मांडायचा. खरी गोम सुट्या पेगांत असते. बाटली ७५० मिलिलिटरची, पेग ३० चा किंवा ६० चा, म्हणजे पंचवीस किंवा साडेबारा. हात जरा सैल असला की हिशेब हलतो. आमचं पेगमाप शिक्क्याचं होतं, वैधमापनवाल्यांनी तपासलेलं, तरी तीन ब्रँडमध्ये फरक निघाला. सूतगिरणीत मी किलोचा दहावा भाग जुळवत होते, आणि इथं माझ्या स्वतःच्या काउंटरवर रमच्या दोन बाटल्या जास्त भरत होत्या. कमी भरल्या तर चोरी समजतात. जास्त भरल्या तर त्याहून वाईट: मग हा माल आला कुठून?

हा प्रश्न कोल्हापुरात फार झोंबरा आहे, कारण गोवा इथून लांब नाही. आंबोलीमार्गे, आजऱ्याकडून, गगनबावड्याकडून तिकडची दारू रात्रीची वर चढते. गोव्यात कर कमी, बाटली स्वस्त, आणि तिच्यावर छापलेलं असतं की ही फक्त गोव्यात विक्रीसाठी. ती इथल्या ब्रँडच्या रिकाम्या बाटलीत ओतली की पेगमागं चांगला फायदा. आण्णांकडंही असे लोक येऊन गेलेले. आण्णांनी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं होतं, आणि तेव्हापासून रिकामी बाटली लेबल फाडल्याशिवाय भंगारवाल्याला द्यायची नाही असा त्यांचा दंडक होता. त्या रात्री तो उपयोगी पडला. साहेबांनी मागच्या बाजूची पोती बघितली. सगळी लेबलं फाडलेली. जास्तीच्या दोन बाटल्या अखेर एका टीपीत सापडल्या. माल आला त्या दिवशी मामांना ताप होता आणि एक ओळ चढवायची राहिली होती. गफलत होती, लबाडी नव्हती. लिहिलं मात्र गेलं.

निघताना साहेब म्हणाले, "वडिलांची ओळख होती आमची. पण पंचनामा करावाच लागेल." मी मान डोलावली. वाईट माणूस नव्हता. माझा राग त्यांच्यावर नव्हताच.

महिनाभरानं कारणे दाखवा नोटीस आली. धंद्यातले लोक याला 'ब्रीच' म्हणतात, परवान्याच्या अटींचा भंग. चार मुद्दे: वयोमर्यादा, परमिट, नोकरनामा, रजिस्टर. कलम ५४ खाली परवाना निलंबित किंवा रद्द का करू नये, याचा खुलासा करा. मी ओळखीच्या वकिलांकडं कसबा बावड्याला गेले. त्यांनी अर्ध्या तासात खुलासा लिहून दिला: सदर कृत्य नोकराने मालकाच्या नकळत केले. मी तो घरी आणून तीनदा वाचला. ज्या नोकराचा नोकरनामाच मी काढला नव्हता, त्याच्या माथी हे मारायचं? शिवाय ते टिकणारही नव्हतं. परवानाधारक गल्ल्यावर असो, गावाला असो, नाहीतर झोपलेला असो, काउंटरवर जे होतं ते त्याच्या नावानं होतं. परवान्याबरोबरच्या अटी मी पहिल्यांदा नीट वाचल्या त्या रात्री. आण्णांनी त्या काचेच्या चौकटीत घालून देवाच्या फोटोशेजारी टांगल्या होत्या. काचेवर उदबत्तीचा धूर बसला होता, त्यामुळं पुसून वाचाव्या लागल्या.

खुलासा मी स्वतः लिहिला. परमिटं मागाहून भरली जातात हे मान्य केलं. वकील म्हणाले, "ताई, असं कबूल करत नाहीत." मी म्हणाले, मेलेल्या माणसाची सही आहे त्यावर, नाकारणार कसं?

मधे विधानसभा निवडणूक आली आणि सगळंच थंडावलं, आमच्यासाठी मात्र नाही. २० नोव्हेंबरला मतदान, म्हणून १८ च्या संध्याकाळी सहापासून विक्री बंद. मतदान संपण्याआधीचे ४८ तास दुकान बंद ठेवायला लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १३५-क आहे. २३ ला मतमोजणी, तेव्हाही कोरडा दिवस. आचारसंहितेत स्टॉकवर आणि विक्रीवर नजर असते. रोजच्यापेक्षा विक्री एकदम फुगली तर विचारणा होते. मंडळाची पोरं येऊन 'वहिनी, पाच पेट्या बाजूला काढून ठेवा' म्हणायची. वहिनी कोणाची कोण जाणे. एफएल-३ मधून पेटी बाहेर देताच येत नाही, आमची दारू जागेवरच प्यायची असते, हे त्यांना सांगून माझा घसा बसला.

सुनावणी डिसेंबरात, नागाळा पार्कात जिल्हाधिकारी कार्यालयात झाली. माझ्याआधी चार प्रकरणं होती आणि बाकावर मी एकटीच बाई. शेजारचे गृहस्थ वाइन शॉपवाले, त्यांची ब्रीच छापील किमतीपेक्षा दहा रुपये जास्त घेतल्याची. ते मला म्हणाले, "मॅडम, तुमचे मिस्टर नाही आले?" मी म्हणाले, परवाना माझ्या नावावर होणार आहे, मिस्टरांच्या नाही. त्यांनी पुढं तासभर माझ्याशी फार आदरानं पाण्याच्या बाटलीबद्दल चर्चा केली: वाइन शॉपला छापील किंमत सोडता येत नाही, मग हॉटेलात पाण्याची बाटली जास्त दरानं कशी विकतात? ते चालतं. हॉटेल नुसती बाटली विकत नाही, बसायला जागा आणि सेवाही देतं, असं सुप्रीम कोर्टानं २०१७ साली म्हटलं आहे. त्यांना ते अजिबात पटलं नाही.

आत मला एकच प्रश्न विचारला: आता परमिट कसं भरता? मी पिशवीतून चार महिन्यांची बुकं काढून ठेवली. गटारीनंतरच्या प्रत्येक रात्रीची, वेगवेगळ्या अक्षरांतली, वेगवेगळ्या सह्यांची. पानं उलटली गेली. दहा मिनिटांत मी बाहेर.

फेब्रुवारीत आदेश आला. परवाना रद्द नाही. कलम १०४ खाली तडजोड शुल्क, म्हणजे पैसे भरून प्रकरण मिटवायचं. आकडा सांगत नाही, पण दिवाळीचा गल्ला त्यात गेला आणि वर आईची एक ठेव मोडली. आयुक्तांकडं मुंबईला अपील करता आलं असतं. केलं नाही. तेव्हा कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंचही नव्हतं, आणि भांडायला माझ्याकडं मुद्दाही नव्हता. मार्चमध्ये वारस म्हणून माझं नाव लागलं आणि ३१ मार्चच्या आत नूतनीकरणाचं चलन भरलं.

त्या चार महिन्यांत काय झालं ते सांगायला हवं, कारण त्याचा त्रास सुनावणीपेक्षा जास्त झाला. गटारीच्या दुसऱ्या दिवशीच ठरवलं: टेबलावर पाण्याच्या ग्लासाबरोबर परमिट बुक जाईल. पोरगा वयानं लहान वाटला की आधार कार्ड. आधीच झिंगून आलेल्याला ताक आणि भात, आणि गाडीची किल्ली गल्ल्यावर. पहिल्या आठवड्यात श्रावणामुळं गर्दीच नव्हती, ते बरं झालं. गणपतीत मात्र रंग चढला. "पोलीस चौकी हाय का बार?" "बाई बसली गल्ल्यावर, आता हजेरी घेणार." एक जण नाव म्हणून एका मोठ्या नेत्याचं नाव लिहून गेला. मी परमिट फाडून परत पाठवलं. तो उठून शेजारी गेला. शेजारी अजून रात्री साडेअकरानंतरच लिहितात.

विक्री पडली. किती, ते चटईवर दिसतं. दारूवरचा व्हॅट २०२३ च्या नोव्हेंबरपासून ५ चा १० टक्के झालेला. दारू जीएसटीत नाही, त्यामुळं एकाच टेबलावरच्या मटणाला जीएसटी आणि पेगाला व्हॅट, बिलात दोन हिशेब, आणि गिऱ्हाईक दोन्हींकडं बघून मलाच लुटारू समजतं. पुढं २०२५ च्या १४ जुलैला करवाढीविरुद्ध राज्यभर बार बंद राहिले. आम्हीही ठेवला. करवाढीबद्दल मला जे वाटतं ते वेगळं आणि लांब आहे, ते इथं नको.

पाटीचा एक किस्सा राहिला. आण्णांनी हॉटेलला एका गडाचं नाव दिलं होतं, ते मावळे-बिवळे फार मानायचे. २०२२ मध्ये सरकारनं ठरवलं की दारूच्या दुकानांना आणि बारना देवांची, महापुरुषांची, गडकिल्ल्यांची नावं नकोत. आण्णांनी न कुरकुरता पाटी उतरवली. म्हणाले, "बरोबर हाय त्यांचं. मी त्यावेळी विचार केला न्हाई." नवीन पाटीवर आईचं माहेरचं नाव आहे. आईला ते अजून आवडलेलं नाही.

मामा आता परमिट लिहीत नाहीत. ते टेबलाटेबलावर जाऊन लिहून घेतात आणि चष्म्यातून वाचतात. सगळ्यात अवघड गेलं ते एसटीतून निवृत्त झालेल्या काकांचं. वीस वर्षं रोज सातला येणार, खिडकीशेजारी बसणार, एक क्वार्टर, अर्धी पाण्यात आणि अर्धी सोड्यात, साडेआठला घरी. मामांच्या बुकात त्यांची नोंद कायम 'एसटी काका' अशी, वयाच्या रकान्यात कायम ६०. मी बुक पुढं केलं तेव्हा ते बराच वेळ पेन हातात धरून बसले. वीस वर्षांत आमच्यापैकी कुणालाच त्यांचं नाव माहीत नव्हतं. त्यांनी ते सावकाश, कंडक्टरच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं. वय ७४.

महिनाभर रोज पाच रुपयांचं परमिट फाडल्यावर त्यांनीच विचारलं, आयुष्यभराचं कितीला येतं. मी फॉर्म भरून दिला. कार्ड आलं त्या संध्याकाळी त्यांनी ते शर्टाच्या वरच्या खिशातून काढलं, एसटीच्या जुन्या पासाशेजारून, आणि माझ्यापुढं ठेवलं.

"हजार रुपये घालवलेत तुझ्या नादानं," म्हणाले. "या वयात आयुष्यभराचं घेतलं, आता वसूल व्हायला पाहिजे. आण क्वार्टर."